राजमा-छोले दडस राहतात आणि वालाचा मात्र लगदा होतो, नेमकं कुठे चुकतंय?

रोवळी

कडधान्यं शिजवण्याबद्दल नेमकं विचारायचं आहे, म्हणून सगळा तपशील देते.

पाणी बोअरचं आहे. साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग राहतात. प्यायला आरओचं. कुकर 5 लिटरचा, रबर आणि शिट्टी दोन्ही नवीन.

राजमा (चित्रा): 1 वाटी, रात्री 10 ला भिजत घातला, सकाळी 8 ला उपसला. कांदा-टोमॅटो परतून त्यातच राजमा, 3 वाट्या पाणी आणि मीठ घालून 6 शिट्ट्या. साल चिवट, आत खडूसारखं. पुन्हा 4 शिट्ट्या दिल्या तर काही दाण्यांचं पीठ झालं आणि काही होते तसेच.

छोले: भिजवताना चिमूटभर सोडा घातला तर बाहेरून गिलगिलीत झाले आणि चवीला साबणासारखे लागले. सोडा न घालता केले तर 8 शिट्ट्यांनीही मऊ होत नाहीत.

कडवे वाल: मोड आणून सोलले. कुकरला 2 शिट्ट्या केल्या तर डाळिंब्यांचा लगदा. पुढच्या खेपेला कढईत फोडणीतच आमसुलं घालून शिजवल्या, तर पाऊण तासानेही दडस.

भिजवण्यात चूक आहे, पाण्यात आहे की कडधान्यच जुनं आहे? मीठ आधी घालावं की नंतर? वाल सोलायला तर अख्खी दुपार जाते, त्यावरही काही सांगता आलं तर सांगा.

पाटावरवंटा

रोवळीताई, तुम्ही दिलेल्या तपशिलातच बरंचसं उत्तर आहे. राजम्याला तुम्ही दोन्ही बाजूंनी अडवलंय, क्षाराचं पाणी आणि टोमॅटो.

दाणा मऊ होतो म्हणजे काय होतं, ते आधी बघू. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. उष्णतेने हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटांत चिरडतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असेल तर ते पेक्टिनला धरून ठेवतं, ते सुटतच नाही. आंबट पदार्थ घातला तरी पेक्टिन विरघळायचं मंदावतं. सोडा याच्या उलट काम करतो. त्याने पाणी अल्कधर्मी होतं, पेक्टिन भराभर सुटतं, म्हणूनच छोले बाहेरून गिलगिलीत झाले.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्य (म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण) लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावं असं आहे, आणि दुसरं पाणी नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे 500 चं पाणी कागदावर चालून जातं, पण त्यात राजमा शिजत नाही. फेस न येणं आणि पांढरे डाग, दोन्ही त्याचीच लक्षणं.

तिसरा संशय जुन्या मालाचा. उष्ण आणि दमट जागी सहा-आठ महिने पडलेल्या दाण्यात आतल्या आतच बदल होतात. दाण्यातलंच मॅग्नेशियम-कॅल्शियम सुटून पेक्टिनला जाऊन बसतं. असा दाणा फुगतो छान, पण शिजत नाही. मुगा-मटकीत जे एखाद-दुसरे गणंग निघतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या सालीतून पाणीच आत जात नाही. भिजवल्यावरही ते बारीक आणि टणक राहतात, म्हणून डोळ्यांना दिसतात आणि वेचून काढता येतात. जुना राजमा भिजल्यावर नव्यासारखाच दिसतो, इथे फसगत होते.

अंदाज बांधण्यापेक्षा एकदा तपासून पाहा, सगळं एकाच कुकरमध्ये होतं. तीन लहान डबे किंवा वाट्या घ्या. प्रत्येकीत राजम्याचे 25 दाणे.

पहिलीत बोअरच्या पाण्यात भिजवून बोअरच्याच पाण्यात शिजवायचे.
दुसरीत भिजवणं-शिजवणं दोन्ही आरओच्या पाण्यात.
तिसरीत आरओचंच पाणी, पण शिजवताना त्यात 2 चमचे टोमॅटोची प्युरी.

कुकरच्या तळाला दीड-दोन वाट्या पाणी, वर जाळी, त्यावर तिन्ही वाट्या. वाट्यांमध्ये दाणे बुडून बोटभर वर राहील इतकं पाणी. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करून घड्याळ लावून 25 मिनिटं. प्रेशर आपोआप उतरू द्या. दुसऱ्या वाटीतले मऊ आणि पहिल्या वाटीतले दडस असतील तर दोष पाण्याचा. पहिली-दुसरी दोन्ही दडस असतील तर माल जुना. फक्त तिसरी दडस राहिली तर टोमॅटो.

शिजलं की नाही हे एका दाण्यावरून ठरवू नका. पाच दाणे घ्या, अंगठा आणि तर्जनीत दाबा. पाचही दाणे लोण्यासारखे, मध्ये कणी न लागता दबले पाहिजेत.

आधण

पाटावरवंटा यांच्याशी सहमत. कुकरबद्दल थोडं लिहितो, कारण "6 शिट्ट्या" या मापाला खरं तर काही अर्थ नाही.

शिट्टी होते ती आतली जास्तीची वाफ बाहेर टाकायला. आच मोठी असेल तर 6 शिट्ट्या 7 मिनिटांत होतात, बारीक असेल तर 25 मिनिटांत. 3 लिटरच्या कुकरची शिट्टी वेगळी, 5 लिटरच्याची वेगळी. दाण्याला कळतं ते तापमान आणि वेळ. घरगुती कुकरमध्ये पूर्ण प्रेशर आलं की आत साधारण 120 अंश सेल्सिअस असतं, आणि ते टिकवायला अगदी बारीक आच पुरते. म्हणून मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग गॅस बारीक करून मिनिटं मोजायची. रात्रभर भिजलेल्या दाण्यांसाठी माझी मापं अशी:

राजमा आणि काबुली चणे 20 मिनिटं, मोठा काबुली 25. गावरान हरभरा 15 ते 18. पांढरा वाटाणा 6 ते 8, रगड्याला हवा असेल तर 10. चवळी 3 मिनिटं, तीही भिजलेली असेल तरच, नाहीतर तिचा गाळ होतो. मोड आलेली मटकी आणि मूग कुकरला लावूच नयेत, कढईत झाकण ठेवून 10-12 मिनिटांत होतात.

दुसरं, प्रेशर उतरायची वाट बघा. घाईत कुकर नळाखाली धरला किंवा शिट्टी चमच्याने उचलली की आतलं प्रेशर एकदम पडतं. दाण्याच्या आतलं पाणी त्या क्षणी जोरात उकळतं आणि साल फोडून बाहेर येतं. तुमच्या राजम्यातले काही दाणे फुटून पीठ झाले ते बहुधा दोनदा प्रेशर चढवण्या-उतरवण्यात.

तिसरं, कडधान्य शिजवताना कुकर अर्ध्याच्या वर भरू नये, दाणे आणि पाणी मिळून. वाटाणा, चवळी, छोले यांचा फेस येतो आणि फेसाबरोबर सालं वर जाऊन व्हेंटच्या नळीत अडकतात. एक चमचा तेल घातलं की फेस बसतो. झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय ना हे दर वेळी बघावं. सालीचा एक तुकडा अडकला तरी शिट्टी होत नाही आणि मग सेफ्टी वॉल्व्ह उडतो.

टोमॅटोची ग्रेव्ही वेगळी करा. राजमा आधी पाणी, मीठ, आल्याचा तुकडा, तमालपत्र घालून पूर्ण शिजवा. मग ग्रेव्हीत टाकून झाकण न ठेवता 15-20 मिनिटं मंद उकळा. आंबटपणा मुरतो तेवढ्यात. दाटपणासाठी पळीभर राजमा ठेचून घाला, कॉर्नफ्लोअर लागत नाही.

कढीलिंब

मीठ मात्र नंतरच घाला. आमच्याकडे सगळ्या सुगरणी हेच सांगतात, मीठ आधी घातलं की कडधान्य दडस राहतं. आधण यांनी मीठ घालून शिजवायला सांगितलंय ते पटलं नाही.

पाटावरवंटा

कढीलिंब, हा समज सगळीकडे आहे. आंबट आणि गूळ यांच्याबाबत तो खरा आहे, पण त्यांच्यासोबत मिठालाही गोवलं गेलंय. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, त्यामुळे साल मऊ पडते. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या राजम्याची साल शिजताना फाटतही कमी.

प्रमाण: 1 लिटर पाण्याला 1 मोठा चमचा, म्हणजे साधारण 15 ग्रॅम मीठ. 8 ते 10 तास भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, दाणे एकदा धुवायचे आणि नव्या पाण्यात शिजवायचं. शिजवतानाच्या पाण्यात 1 वाटी कोरड्या राजम्याला पाऊण चहाचा चमचा मीठ पुरे, भिजवताना थोडं आत गेलेलं असतं. मोड आणायचे असतील तर मात्र मिठात भिजवू नका, मोड येणार नाहीत.

गूळ नंतर घालायचं कारण वेगळं. गुळात साखर असते, कॅल्शियम असतं आणि तो किंचित आंबटही असतो. तिन्ही गोष्टी दाणा घट्ट धरून ठेवणाऱ्या.

रोवळी

मीठ आणि टोमॅटोचं कळलं, धन्यवाद. आज रात्री तिन्ही वाट्यांचं भिजत घालते. छोल्यांना सोडा अजिबात नकोच का? आणि उन्हाळ्यात रात्रभर भिजवलं की पाण्याला फेस येतो, आंबूस वास येतो. ते टाकून द्यावं का?

आधण

आरओचं पाणी वापरणार असाल तर सोडा लागणार नाही. घालायचाच असेल तर 1 वाटी कोरड्या छोल्यांना चहाच्या चमच्याचा आठवा भाग, तो भिजवणीत घालायचा आणि सकाळी दोन पाण्यांनी धुवून टाकायचा. शिजवतानाच्या पाण्यात सोडा नको. उकळीला सोड्याचा कार्बोनेट होतो आणि तो जास्त जहाल, साबणासारखी चव तिथूनच येते. ब-1 जीवनसत्त्वही जातं. सोडा जास्त झालाय का हे हळद सांगते. शिजताना हळद घातली आणि पाणी पिवळं न राहता लालसर-तांबूस दिसलं तर सोडा उरलाय, पाणी ओता आणि नवं घाला.

फेसाचं म्हणाल तर एप्रिल-मे मध्ये 10-12 तास बाहेर ठेवलं की पाणी आंबायला लागतं. बुडबुडे आहेत, वास नुसता कच्चट आहे, तर पाणी ओतून दोनदा धुवून वापरा. दाणे बुळबुळीत लागले किंवा उग्र आंबट वास मारला तर टाकून द्या. त्यापेक्षा पहिले 2 तास बाहेर आणि पुढे फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये पाणी सावकाश आत जातं, म्हणून 12-14 तास धरा.

वेळच नसेल तर पाण्याला उकळी आणून त्यात दाणे 2 मिनिटं उकळा, गॅस बंद करून झाकून 1 तास ठेवा, पाणी ओता. रात्रभर भिजवल्याइतकं काम त्यात होतं.

भिजलं की नाही हे बघायला एक दाणा सुरीने आडवा कापा. दोन दळांच्या मध्ये पोकळी दिसली किंवा मधला भाग कडेपेक्षा फिकट आणि कोरडा दिसला तर अजून वेळ हवा. सगळीकडे एकसारखा ओलसर रंग हवा. सालीला सुरकुत्या असतील तर साल भिजली आणि गर अजून भिजायचाय, असं समजा.

डाळिंबी

वालाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, ते मी लिहिते. बिरडं बिघडतं ते बहुतेक वेळा सोलण्याआधीच.

कडवे वाल घ्या, लहान, तपकिरी, एका कडेला पांढरी रेघ असलेले. गोडे वाल आणि पावटे आकाराने मोठे, त्यांना ही चव नाही. रायगडकडे भाताचं पीक निघालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, आणि नवा माल फेब्रुवारी-मार्चनंतर बाजारात येतो. नव्या वालाची साल चकचकीत असते, मोड सगळ्यांना एकदम येतात. जुन्याला मागेपुढे येतात, आणि मग अर्ध्या डाळिंब्या लवकर शिजतात, अर्ध्या मागे राहतात. नवा-जुना माल एकत्र करू नका.

1 वाटी वाल भरपूर पाण्यात 10 ते 12 तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. पाणी तपकिरी आणि कडवट होतं, ते ओतून द्यायचं. नंतर रोवळीत निथळत ठेवा, चांगली 15-20 मिनिटं. ही पायरी लोक गाळतात. पाणी तसंच राहिलं की फडक्यात वाल चिकट होतात, तार सुटते, वास येतो. निथळले की सुती फडक्यात सैलसर बांधा. घट्ट गाठोडं केलं तर मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही. गाठोडं चाळणीत ठेवून वर झाकण. उन्हाळ्यात 12-14 तास पुरतात, थंडीत 24 ते 30. थंडीत बंद मायक्रोवेव्हमध्ये (चालू न करता) शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून गाठोडं ठेवलं की लवकर येतात.

मोड किती? तांदळाच्या दाण्याएवढा, जास्त नको. लांब मोड सोलताना तुटतो, आणि तो तुटला की डाळिंबीची दोन दळं सुटी होतात. डाळिंबी अख्खी हवी असेल तर याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही.

आता सोलणं. मोड आलेले वाल हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात 15 मिनिटं बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको, त्याने दाणा अर्धवट शिजून सालीला चिकटतो. पाणी आत शिरून साल फुगते, दाण्यापासून सुटते, बोटाला पिशवीसारखी लागते. सगळे वाल एकदम पाण्याबाहेर काढू नका, मूठभरच घ्या, बाकीचे पाण्यातच राहू द्या. वाळले की साल पुन्हा चिकटते. दाणा अंगठा आणि दोन बोटांत असा धरा की मोडाचं टोक बाहेरच्या बाजूला येईल. साल मोडापाशी आधीच फाटलेली असते. मागच्या बाजूने हलकेच दाबलं की डाळिंबी मोडासकट पुढून सटकते आणि साल बोटांत राहते. नखाने ओरबाडायची गरज नाही. खाली पाण्याचं पातेलं ठेवा, डाळिंबी थेट त्यात पडू दे. कोरडी राहिली तर काळवंडते. जमेपर्यंत दर दाण्याला वेळ लागतो, हात बसला की 1 वाटीचे वाल अर्ध्या-पाऊण तासात होतात. सालीत कडवटपणा असतो, म्हणून सोललेल्या डाळिंब्या शेवटी एकदा धुवा, सालीचा तुकडा राहिला तर तो वर तरंगतो.

1 वाटी कोरड्या वालाच्या साधारण दोन वाट्या डाळिंब्या होतात. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये 2 दिवस राहतात. जास्त असतील तर फडक्यावर कोरड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि करताना न वितळवता तशाच फोडणीत टाका.

शिजवायचं कढईत, कुकर नाही. डाळिंबीला सालीचं कवच उरलेलं नसतं, 120 अंशांत तिचा लगदाच होणार. 2 मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, त्यावर डाळिंब्या घालून 2-3 मिनिटं अलगद परता. मग दीड वाटी आधणाचं पाणी. कढईवर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी घाला, ते गरम झालं की लागेल तसं तेच खाली ओता. गार पाणी ओतलं तर शिजणं दर वेळी काही मिनिटं थांबतं. पळी फिरवू नका, कढईच कानांनी धरून हलवा. आच मंद, 12 ते 15 मिनिटं. मीठ सुरुवातीला घातलं तरी चालतं.

आमसूल आणि गूळ यांची वेळ साधणं हीच बिरड्यातली खरी कला. डाळिंबी बोटात दाबली की दबते, पण मध्ये अगदी किंचित कणी लागते, तेव्हा 3-4 आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ घाला. आधी घातलं तर तुमच्यासारखं पाऊण तासाने दडस. फार उशिरा घातलं तर तोवर डाळिंब्या फुटायला लागलेल्या असतात. वर पाटावरवंटा यांनी आंबटाचं जे सांगितलं ते इथे उपयोगी पडतं, कारण आमसूल पडल्यावर डाळिंबी आणखी फुटत नाही. त्यानंतर ओलं खोबरं आणि जिऱ्याचं वाटण 3 मोठे चमचे घालून 5 मिनिटं मंद ठेवा. नारळाचं दूध घालणार असाल तर ते सगळ्यात शेवटी, आणि खळखळून उकळू देऊ नका, फाटतं.

टेम्सकाठ

लंडनहून. इथलं पाणीही कठीण, चुनखडीचं, केटलला महिन्याभरात पांढरा थर बसतो. साधा उपाय म्हणजे पाणी 10 मिनिटं उकळून, गार करून, वरचं निवळ घ्यायचं. काठिण्याचा काही भाग तळाला बसतो. सगळा नाही, पण फरक जाणवतो.

माझा प्रश्न पुढचा. शिजवण्यासाठी इलेक्ट्रिक स्लो कुकर आहे. भिजवलेला राजमा सकाळी 'लो' वर ठेवून ऑफिसला गेलं तर चालेल का?

आधण

टेम्सकाठ, थेट ठेवू नका. हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून नीट वाचा.

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी 1 ते 3 तासांत जोरदार मळमळ, उलट्या, मग जुलाब होऊ शकतात. पूर्ण उकळीला ते नष्ट होतं. स्लो कुकर 'लो' वर बऱ्याचदा 80 अंशांच्या आसपासच राहतो. दाणा हळूहळू मऊ होतो, खाण्याजोगा दिसतो, पण विष तसंच राहतं. इतकंच नाही, अशा कमी तापमानाला ते कच्च्या दाण्यापेक्षा वाढलेलंही आढळलं आहे.

राजमा किमान 5 तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात खळखळून उकळा. 10 मिनिटं ही किमान मर्यादा, अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने 30 मिनिटं सांगितली आहेत आणि मीही 30 च धरतो. उकळी फुटल्यापासून मोजायचं, गॅसवर ठेवल्यापासून नाही. त्यानंतर खुशाल स्लो कुकरमध्ये टाका. प्रेशर कुकरच्या 120 अंशांत हा प्रश्न उरत नाही. डब्यातला तयार राजमा आधीच शिजलेला असतो.

हाच नियम आपल्या घेवड्याच्या वाळलेल्या दाण्यांनाही. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, अंगावर वाघासारखे लाल पट्टे असलेला, ज्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोही राजम्याच्याच जातीचा आहे. घेवडा म्हटलं की लोक भाजीसारखा हलक्यात घेतात आणि अर्धवट शिजवून उसळ उतरवतात. तसं करू नये. राजम्याला मोड आणून कोशिंबिरीत कच्चा तर कधीच घालू नका. मूग-मटकीचे मोड वेगळे, राजम्याचे वेगळे.

कढीलिंब

मिठाचं करून बघितलं. अर्धा राजमा मिठाच्या पाण्यात, अर्धा साध्यात, पाणी तेच, वेळ तीच. मिठाच्या पाण्यातल्याची साल खरंच मऊ होती आणि दाणे अख्खे राहिले. माझं म्हणणं मागे घेते.

पोट फुगण्याबद्दल एक जोड देते. दाण्यात काही साखरा अशा असतात की त्या आपल्याला पचत नाहीत, आतड्यातले जिवाणू त्यांचा वायू करतात. त्यातला काही भाग भिजवणीच्या पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी ओतावंच. मोड आणल्यावर त्या आणखी कमी होतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना छोल्यांपेक्षा मोडाची मटकी सोसते ती त्यामुळे.

रोवळी

तिन्ही वाट्यांचा निकाल. बोअरच्या पाण्यातले 25 पैकी 25 दाणे दडस, साल रबरासारखी. आरओमधले 22 मऊ, 3 दाण्यांत मध्ये कणी. आरओ आणि टोमॅटो: साल चिवट, आत अर्धवट. म्हणजे पाणी आणि टोमॅटो दोन्ही, आणि थोडा माल जुनाही, बरोबर ना?

डाळिंब्या डाळिंबीताईंनी सांगितल्या तशा केल्या. मोड तांदळाएवढेच ठेवले, सोलायला 50 मिनिटं लागली, आणि आमसूल कणी उरलेली असताना घातलं. एकही डाळिंबी फुटली नाही.

आता हा राजमा अजून 2 किलो आहे. त्याचं काय करू? आणि नवे वाल वर्षाचे भरायचे आहेत, दर पावसाळ्यात भुंगे होतात.

पाटावरवंटा

निष्कर्ष बरोबर काढलात. 2 किलो जुन्या राजम्यासाठी: आरओचं पाणी, लिटरला 15 ग्रॅम मीठ, शिवाय भिजवणीत 1 वाटीला चहाच्या चमच्याचा आठवा भाग सोडा. भिजवणी 12 तासांची, एकदा पाणी बदलून. बदललेल्या पाण्यात मीठ पुन्हा घाला, सोडा नको. दोनदा धुवून बारीक आचेवर 30 मिनिटं. तरी चार-दोन दाणे कणीदार राहतील, म्हणून तो अख्खा न वाढता ठेचून कटलेटमध्ये किंवा दाट रस्स्यात वापरा. दोन-अडीच महिन्यांत संपवा, ठेवून तो आणखी बिघडतो.

पुढे राजमा-छोले महिन्या-दोन महिन्यांपुरतेच आणा. दुकानात पाकिटावरची भरल्याची तारीख बघा. सुटा घेत असाल तर मूठभर हातात घेऊन रंग बघा, त्याच जातीचा जुना माल गडद आणि मंद दिसतो.

डाळिंबी

भुंग्यांबद्दल. भुंग्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी घालते, ती टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. अळी थेट दाण्यात शिरते आणि आतून पोखरते. गोल भोक दिसतं ते भुंगा बाहेर पडल्यावर. म्हणजे भोक दिसण्याच्या कितीतरी आधी कीड आत असते, बऱ्याचदा शेतातूनच आलेली. नुसतं चाळून-निवडून ती जात नाही.

वाल आणले की कडक उन्हात 3-4 दिवस पातळ पसरून वाळवा. संध्याकाळी आत आणून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच भरा. गरम भरले की डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटतं आणि बुरशी धरते. नंतर किलो-किलोच्या घट्ट पिशव्या करून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, त्याने आतली अंडी आणि अळ्याही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे 6-7 तास, बंदच राहू द्या, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. मग कोरड्या स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकणाचा. कडुनिंबाचा पाला घालत असाल तर पूर्ण सुकवलेला घाला, ओलसर पाल्याने डब्यात ओल वाढते. बोरिक पावडर लावू नका, ती विषारी आहे आणि वालाच्या कडेच्या त्या पांढऱ्या रेघेत बसली की धुतानाही पूर्ण निघत नाही.

फ्रीझरमध्ये ठेवलेल्या वालांनाही मोड येतात, पण भरताना ते नीट वाळलेले हवेत. दाताखाली धरल्यावर कट् असा आवाज होऊन तुटला तर वाळला, नुसता दबला तर अजून एक दिवस ऊन द्या.